चिजेतले नाव

चिकोडीत माझा गायनाचा वर्ग भरतो तो सायंकाळी, शाळा सुटून मुले घरी चहा पिऊन आली म्हणजे. खोली लहान आहे. दोन तंबोरे, एक पेटी, तबल्याची एक जोडी आणि भिंतीवर अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, दरबारी पागोट्यातले छायाचित्र, एवढाच सरंजाम. येणाऱ्या मुलांपैकी निम्मी घरी मराठी बोलतात, निम्मी कानडी. पण षड्ज लावताना दोन्हीकडची सारखीच चुकतात, आणि लागला म्हणजे दोन्हीकडच्या चेहऱ्यांवर तेच समाधान दिसते.

गेल्या श्रावणात वर्ग सुटल्यावर एक गृहस्थ मागे थांबले. त्यांची धाकटी मुलगी सहा वर्षे माझ्याकडे शिकते. गणेशोत्सवात मंडपात तिचे गाणे ठरले होते आणि त्यासाठी तिने मुलतानीतली एक चीज बसवली होती. गृहस्थ अदबीने म्हणाले, "सर, रागवू नका, एक विनंती होती. त्या चिजेत 'मौला' येतं. तेवढं काढून 'माधव' घालता येईल का? मात्रा तर तेवढ्याच भरतात की."

मी काही बोलण्याआधीच ते पुढे म्हणाले, "आणि सर, माझी थोरली तुमच्याकडंच ही चीज शिकली. तिला तुम्हीच 'माधव' शिकवलं होतं."

ते खरे होते, म्हणून मला उत्तर सुचेना. माणूस सज्जन. मनात द्वेष नाही, कुणाचे वाईट चिंतणे नाही. "मला काय त्याचं, सर? पण मंडपात कोण काय बोलेल सांगता येत नाही. पोरीचं गाणं राहील बाजूला," एवढीच त्यांची भीती. मी "बघू" म्हणालो आणि दिवा मालवून बराच वेळ तिथेच बसून राहिलो. त्या बसण्यातून आणि त्याच सुमारास वाचलेल्या एका ग्रंथातून हा लेख निघाला आहे.

आधी अण्णांविषयी थोडे सांगितले पाहिजे. या पानाच्या वाचकांत जुन्या संस्थानी घराण्यांतली मंडळी पुष्कळ आहेत. त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. अण्णा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान संस्थानात दरबारी गवई होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस. म्हणजे दरबार पाहणाऱ्या शेवटच्या पिढीचे ते शेवटचे. मी त्यांना पन्नाशी उलटल्यावर झालो, त्यामुळे वडील आणि आजोबा असे दोन्ही मला एकाच माणसात मिळाले. त्यांचे गुरू एक वृद्ध खाँसाहेब. वाड्यात गणपती बसे तेव्हा खाँसाहेब गात आणि मोहरमात पंजे बसत तेव्हा ब्राह्मण कारभारी पुढे होऊन ऊद घालीत. अण्णा हे सांगत ते काही नवल म्हणून नव्हे. नवल वाटे ते ऐकणाऱ्याला.

संस्थान गेले तशी तनखा गेली. चार वर्षे अण्णांनी हलाखीत काढली आणि मग एका शाळेत संगीतशिक्षकाची नोकरी मिळाली. मला त्यांनी शिकवले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. मुलतानीतली ही चीज त्यांनी मला 'माधव' म्हणूनच शिकवली, आणि मीही पंधरा वर्षे ती तशीच पुढे दिली. अण्णा गेल्यानंतर त्यांची जुनी ट्रंक उघडली तेव्हा तळाशी खाँसाहेबांच्या वेळची वही निघाली. त्या वहीत शाईने 'मौला' लिहिले आहे. त्यावर पेन्सिलीची एक बारीक रेघ, वर पेन्सिलीनेच 'माधव', आणि समासात साल: १९५२. नोकरी लागली ते हेच साल. कोणी सांगितले, कसे सांगितले, याचा एक शब्दही नाही. अण्णांनी जन्मात कधी ती गोष्ट काढली नाही. वही सापडल्यापासून मी वर्गात पुन्हा 'मौला' शिकवू लागलो होतो, कोणाला काही न सांगता.

हे सारे मनात घोळत असताना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला एक इंग्रजी पुस्तक आणून दिले. तो आता महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. पुस्तकाचे नाव 'साइटिंग ट्रान्सलेशन', प्रकाशनाचे साल १९९२, लेखिका तेजस्विनी निरंजना. या बाईंचा जन्म धारवाडचा, म्हणजे आमच्याच मुलखातला. वडील निरंजन आणि आई डॉ. अनुपमा निरंजन, दोघेही कानडीतले नावाजलेले लेखक. एम. के. इंदिरा यांची 'फणियम्मा' ही कादंबरी तेजस्विनीबाईंनी इंग्रजीत नेली. म्हणजे भाषांतराचा विचार त्यांनी केवळ अभ्यासिकेत बसून केलेला नाही. हे काम त्यांनी स्वतः हाताने केलेले आहे. प्रांजळपणे सांगतो की डेरिडा, बेंजामिन इत्यादी युरोपीय पंडितांच्या चर्चेची पाने दोनदा वाचूनही माझ्या हाती फारसे लागले नाही. परंतु जिथे त्या आपल्या देशातल्या भाषांतरांचा हिशेब मांडतात, तिथे मला अण्णांची पेन्सिल दिसू लागली.

त्यांचे म्हणणे माझ्या शब्दांत असे आहे. आपण समजतो की भाषांतर म्हणजे एका भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात ओतणे. सांडले तर थोडे सांडेल, पण पाणी तेच. वस्तुतः ओतणारा कोण, कोणाच्या हुकमाने ओततो आणि कशासाठी, यावर पाण्याचा रंग ठरतो. आणि सत्ताधाऱ्याने केलेले भाषांतर मूळ माणसाकडे परत येते तेव्हा तो त्यालाच आपला चेहरा समजू लागतो.

याचा दाखला अठराव्या शतकातला आहे. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली बंगालच्या न्यायव्यवस्थेची घडी बसवली तेव्हा वारसा, लग्न इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्राचा आणि मुसलमानांना कुराणाचा कायदा लावावा असे ठरले. वरकरणी ही मोठी उदार गोष्ट. पण शास्त्र म्हणजे नेमके कोणते? गावोगावच्या रूढी, जातपंचायतीचे निवाडे, बायकांचे हक्क, हे सारे एका पोथीत कुठे होते? मग अकरा पंडितांकडून एक संस्कृत ग्रंथ करवून घेतला. त्याचे फारशीत रूपांतर झाले आणि फारशीवरून नॅथॅनिएल हॅल्हेडने इंग्रजी केले. ते १७७६ साली छापले गेले. संस्कृत, मग फारशी, मग इंग्रजी! आमच्यात एखादी चीज तीन तोंडांतून फिरून आली तर तिचा मूळ राग शोधावा लागतो. इथे तर त्यावर लोकांच्या जमिनी आणि वारसे ठरायचे होते.

पुढे सर विल्यम जोन्स आले. १७८३ साली ते कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश म्हणून उतरले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली. विद्वान मोठे, आणि संस्कृतवरचे त्यांचे प्रेम खरे. पण ते संस्कृत शिकले त्यामागे एक कारण असेही होते की कोर्टातल्या पंडितांवर त्यांचा विश्वास नव्हता. हे लोक आपलाच कायदा आपल्याला नीट सांगणार नाहीत, तेव्हा तो आपणच वाचून त्यांना सांगावा, अशी ती भूमिका. मनुस्मृतीचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १७९४ साली निघाले. तेजस्विनीबाई जोन्सच्या लिखाणातून तीन धागे उकलून दाखवतात. देशी माणूस आपल्याच संस्कृतीचा अर्थ सांगायला नालायक, म्हणून भाषांतर युरोपियनाने करावे. या लोकांना त्यांचाच कायदा आपण द्यावा. आणि त्यांची संस्कृती धुऊन, शुद्ध करून, तिच्या वतीने आपणच बोलावे. 'शुद्ध' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

तिसरे नाव जेम्स मिलचे. मिल कधी हिंदुस्थानात आला नाही आणि इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. त्याने १८१७ साली हिंदुस्थानचा मोठा इतिहास छापला तो हीच भाषांतरे पुढ्यात घेऊन. जोन्सचा कौतुकाचा सूर त्याला मान्य नव्हता. पण भाषांतरांतले चित्र मात्र त्याने घेतले आणि त्याचे तीन कप्पे केले: हिंदूंचा काळ, मुसलमानांचा काळ, मग इंग्रजांचा. पुढच्याच साली पेशवाई बुडाली आणि आमचा हा मुलूख इंग्रजांकडे गेला. आमच्या पणजोबांच्या पिढीने शाळेत इतिहास शिकला तो याच कप्प्यांतून. अशा रीतीने परक्याने लावलेल्या फडताळात आम्ही आमचे कपडे ठेवू लागलो.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे इंग्रजांचे पाप. आपला त्यात काय दोष? इथेच गोष्ट अवघड होते. इंग्रज गेल्यावर फडताळ त्यांच्याबरोबर गेले नाही. परक्याला विरोध करणाऱ्यांनीही आपला भूतकाळ शोधला तो त्याच्याच आरशात. गांधीजींनी भगवद्गीता प्रथम वाचली ती लंडनमध्ये, विद्यार्थिदशेत, आणि तीही एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी पद्यातून. त्यात वाईट काही झाले नाही. त्या वाचनातून केवढे काम उभे राहिले! पण एवढ्या मोठ्या माणसालाही स्वतःच्या घरात शिरायला परक्याच्या दारातून यावे लागले, हे विसरू नये. गांधीजींना त्या दारातून उदार गीता मिळाली. दुसऱ्या पुष्कळांना मिळाले ते असे चित्र की आरंभी एक शुद्ध, पोथीतले, सोन्यासारखे हिंदू युग होते, मध्ये मुसलमानी काळोख आला आणि आता आपले काम तो काळोख पुसून काढण्याचे. राष्ट्र म्हणजे एक धर्म, एक पोथी, एक शुद्ध रूप, ही कल्पना आम्हाला फार प्राचीन वाटते. तिच्यावरची शाई मात्र पुष्कळशी कलकत्त्याच्या छापखान्यातली आहे.

हीच लेखणी तेजस्विनीबाईंनी पुढे आपल्या काळावरही चालवली. मणिरत्नम यांच्या 'रोजा' या चित्रपटावरचा त्यांचा लेख १९९४ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये आला. मूळ चित्रपट १९९२चा, तमिळ. हिंदीत उतरवल्यावर तो देशभर गाजला. त्यांनी दाखवले ते असे की पडद्यावरचा 'भारतीय' माणूस आपोआप सुशिक्षित, मध्यमवर्गीय हिंदू असाच समजला जातो, आणि मुसलमानाला मात्र आपण या देशाचे आहोत हे सिद्ध करावे लागते. चित्रपट आवडणाऱ्यांना तो लेख बोचला असेल. मलाही त्यातली गाणी आवडतात. पण गोडीनेच काही गोष्टी आत शिरतात, हे गवयाने तरी नाकारू नये.

आता माझ्या धंद्याकडे येतो. जोन्सने संगीतावरही लिहिले. हिंदूंच्या रागांवरचा त्यांचा निबंध १७८४ सालचा, छापला १७९२ साली. त्यासाठी त्यांनी संस्कृत ग्रंथांबरोबर फारशी ग्रंथही पाहिले. पण मथळ्यात राहिले ते 'हिंदू' एवढेच. पुढे कॅप्टन विलर्डने १८३४ साली संगीतावर पुस्तक लिहिले आणि कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी १८७५ साली असे जुने निबंध एकत्र करून छापले. त्या संग्रहाचे नावही 'हिंदू म्युझिक' असेच. जे गाणे हिंदू-मुसलमान गवयांच्या गळ्यात शतकानुशतके एकजीव होऊन राहत होते, त्याला कागदावर येताना एक आडनाव मिळाले.

आणि हे गाणे काही लांबचे नव्हे. चिकोडीहून कृष्णा ओलांडून रेल्वेने मिरजेला जावे. वाटेच्या दोन्ही अंगांनी त्याच्या खुणा आहेत. पलुस्करांचे गाव कुरुंदवाड. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बुवांचे गुरू ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी. आणि वासुदेवबुवांनी विद्या घेतली ती हस्सूखाँ यांच्याकडून. म्हणजे महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या घरी ख्याल आला तो मुसलमान उस्तादाच्या ओंजळीतून. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी सांभाळले आणि त्या अलौकिक गवयाचा अखेरचा काळ कुरुंदवाडातच गेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला. आपले पूर्वज ब्राह्मण होते असे खाँसाहेब स्वतः सांगत. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीमखाँसाहेब गात. १९३७ साली ते गेले तेव्हा त्यांना तिथेच माती दिली, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होते. अण्णा मला लहानपणी तिथे घेऊन जात. रात्रभर गाणे, आणि पहाटे दर्ग्याच्या आवारात चहा पिताना कोण कुठल्या धर्माचा याची चौकशी मी कधी ऐकली नाही.

आणखी मागे जायचे तर विजापूरही आमच्याच बाजूचे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने सोळाशेच्या सुमारास दखनी भाषेत 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह रचला. त्यात सरस्वतीला वंदन आहे, गणपती आहे आणि गुलबर्ग्याचे बंदेनवाज गेसूदराजही आहेत. सुलतानाने त्यातले एक नाव काढून दुसरे घातले नाही. त्याला तिन्ही हवे होते.

मग कात्री आली कुठून? विसाव्या शतकाची पहिली काही दशके डोळ्यांपुढे आणावीत. स्वातंत्र्याची हवा होती आणि देशाला शोभेल असे 'राष्ट्रीय संगीत' हवे होते. कोठ्यावर नव्हे, घरात गाता येईल असे, शास्त्रात बसेल असे, सोवळे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि शृंगारिक चिजांच्या जागी भक्तिपर शब्द घालून त्या घरंदाज मुलामुलींच्या तोंडी दिल्या. भातखंड्यांचा मार्ग वेगळा. त्यांनी उस्तादांच्या दारी जाऊन शेकडो चिजा गोळा केल्या, स्वरलिपीत बांधल्या. आणि 'चतुर पंडित' या नावाने एक संस्कृत ग्रंथ लिहिला. गंमत पाहा, चालू काळातले गाणे, ते सांगणारे बहुतेक मुसलमान, आणि त्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळावी म्हणून विसाव्या शतकात संस्कृत श्लोक! हेही भाषांतरच नव्हे काय? जानकी बखले यांनी 'टू मेन अँड म्युझिक' (२००५) या ग्रंथात या दोघांची हकीकत फार बारकाईने लिहिली आहे. उस्ताद अडाणी आहेत, त्यांना स्वतःचेच शास्त्र ठाऊक नाही, ही त्या वेळची तक्रार वाचताना मला कलकत्त्याच्या कोर्टातले जोन्ससाहेब आठवले. त्यांचीही पंडितांबद्दल तक्रार तशीच होती.

एका गोष्टीला मात्र न्याय दिला पाहिजे. पलुस्कर झाले नसते तर माझ्या वर्गात आज एकही मुलगी बसली नसती. भातखंडे झाले नसते तर अण्णांच्या खाँसाहेबांसारख्या कित्येकांच्या चिजा त्यांच्याबरोबरच मातीत गेल्या असत्या. जोन्स नसते तर शाकुंतलाचे नाव युरोपात इतक्या लवकर गाजले नसते. भाषांतर करू नये, शब्द कधी बदलूच नयेत, असे मी म्हणत नाही, आणि तेजस्विनीबाईही म्हणत नाहीत. त्या स्वतः भाषांतरकार आहेत. प्रश्न असा की एका हाताने देताना दुसऱ्या हाताने आपण काय काढून घेतो.

शाकुंतलाचाच हिशेब करावा. जोन्सनी ते आधी शब्दशः लॅटिनमध्ये घेतले, मग इंग्रजीत, आणि काही शृंगारिक तपशील सौम्य करून १७८९ साली छापले. युरोपाने त्यात एक निष्पाप, प्राचीन, अरण्यातला हिंदुस्थान पाहिला. आणि आमच्या रंगभूमीवर शाकुंतल आले ते कसे? अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव-धारवाडकडचे, गुर्लहोसूरचे. तिकडे चुरमुरी शेषगिरीरावांनी शाकुंतल कानडीत नेलेच होते. अण्णासाहेबांना संगीत नाटकाची स्फूर्ती झाली ती पुण्यात पारशी मंडळींचे 'इंद्रसभा' पाहून. ते नाटक लखनौच्या अमानत यांचे, उर्दू. आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याला 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग झाला. संस्कृत, कानडी, उर्दू, पारशी मालक आणि मराठी पदे, एवढी माणसे त्या एका शकुंतलेच्या पाठराखणीला होती. एक शकुंतला कोर्टाच्या दारातून गेली, एक मंडपाच्या दारातून आली. मराठी माणसाने डोक्यावर घेतली ती दुसरी.

आता ग्रंथातल्या ज्या प्रकरणाने मला माझा निर्णय करायला लावला, त्याकडे वळतो. शेवटी तेजस्विनीबाई अल्लमप्रभूंचे एक वचन घेतात. बारावे शतक, बसवण्णांचा काळ. आमच्या चिकोडी भागात लिंगायत घरांतून ही वचने आजही म्हटली जातात. अल्लमांची प्रत्येक वचनातली नाममुद्रा 'गुहेश्वर'. ए. के. रामानुजन मोठे कवी. त्यांनी १९७३ साली वचनांची इंग्रजी भाषांतरे केली ती जगभर वाचली गेली. त्यांनी 'गुहेश्वरा'चे भाषांतर केले, 'गुहांचा स्वामी' अशा अर्थाचे. तेजस्विनीबाईंना हे पटत नाही. नाव फोडून अर्थ केला की ते परदेशी वाचकाच्या घशाखाली सहज उतरते, ख्रिस्ती भक्तीच्या ओळखीच्या चालीत बसते. पण अल्लम तिथून निघून जातात. म्हणून स्वतः भाषांतर करताना त्यांनी 'गुहेश्वर' तसाच ठेवला. वाचकाला अडखळू दे; अडखळला तर विचारील, हा कोण?

हे वाचून मी पुस्तक मिटले. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीबाई रोज नातीला सोडायला येतात, कानडीशिवाय दुसरे बोलत नाहीत. मी त्यांना विचारले, "आजी, गुहेश्वर म्हणजे काय?" त्या हसल्या. म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की गुहेश्वर म्हणजे गुहेश्वर, मास्तर. हाक मारायचं नाव आहे ते, अर्थ कशाला?

चिजेतही नाव असेच असते. 'सदारंग' म्हणजे दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारातले नियामतखाँ. ते नाव काढून कोणी 'श्रीरंग' घातले तर मात्रा भरतील, पण चीज पोरकी होईल. मौला कोणाचा, हाक कोणी मारली, कोणत्या दर्ग्याच्या पायरीवर बसून, हे त्या दोन अक्षरांत राहते. आणि केवळ भावनेचीही गोष्ट नव्हे, गाण्याची आहे. या चिजेत 'मौ' निषादावर आहे आणि समेला 'ला' तार षड्जावर येते. 'ला'चा आकार मोकळा. त्यावर गळा उघडतो, थांबता येते, तिथूनच आलाप सुटतो. 'माधव' म्हटले की समेवर 'ध' येतो, आणि लगेच 'व'ला ओठ जुळतात. मात्रा तेवढ्याच, पण दार बंद. पंधरा वर्षे मी ही चीज शिकवली आणि समेवर गाणे का अडते हे मुलांच्या गळ्यात शोधत राहिलो. ते शब्दात होते.

दोन दिवसांनी ते गृहस्थ आले तेव्हा मी प्रथम त्यांची क्षमा मागितली. म्हटले, "थोरलीला मी चुकीचं शिकवलं. तुमची काही चूक नाही." मग वही दाखवली, शाई आणि पेन्सिल दोन्ही. ते बराच वेळ पाहत राहिले. मी म्हणालो, "माधवाचं गाणं हवं असेल तर मी नवी चीज बांधून देतो. त्याच्यासाठी, त्याच्या नावाची, समेला त्याचंच नाव येईल अशी. माधवाला दुसऱ्याच्या जागेवर बसवायला नको. पण हिच्यातलं नाव आता माझ्या हातून निघणार नाही."

"आणि मंडपात कोणी बोललं तर?"

"तर माझ्याकडं पाठवा."

ते सहज बोलून गेलो, पण रात्री झोप आली नाही. लहान गाव, चार घरांनी मुले काढून घेतली तर वर्गाचे भाडे कसे भरायचे, हा विचार माझ्याही मनात आला. अण्णांच्या मनात १९५२ साली हाच आला असेल. तेव्हा त्यांच्या घरात चूल कशी पेटत होती हे मला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या पेन्सिलीवर मी रागावू शकत नाही.

मुलगी मंडपात कोणती चीज गायली हे सांगून मी तिला उगाच चर्चेत आणणार नाही. तो निर्णय तिने आणि तिच्या वडिलांनी घरी बसून घेतला. वर्गात मात्र ती समेला 'ला'वर येते तेव्हा आता गळा पुरता उघडतो. बाहेर पायरीवर बसलेल्या आजीबाई मान डोलावतात.

वहीतली पेन्सिल मी पुसली नाही. ती अण्णांची भूक आहे, तीही घराण्याचाच भाग. तिच्या शेजारी शाईने एवढेच लिहून ठेवले आहे की मूळ शब्द वाचावा, तोच गावा. आणि खाली या वर्षाचे साल घातले आहे.